दोन्ही फौजांना जेवू कोणी घातलं

कुरिअरवाला गठ्ठा देऊन गेला तेव्हा अंजली कॉलेजला निघायच्या बेतात होती. पर्स खुर्चीवर टाकून तिने दारातच सुतळी कापली. आत धोडपच्या लढाईवरचं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर दोन नावं, वर ज्ञानेश सरांचं, खाली तिचं. वडील सावळीराम मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसून लेकीचं नाव वाचलं आणि एक प्रत उचलून शेजाऱ्यांना दाखवायला गेले.

धोडप हा चांदवडच्या डोंगररांगेतला किल्ला. पेशवाईत चुलता आणि पुतण्या एकमेकांवर चालून गेले ती लढाई याच गडाजवळ झाली. मराठी माणसं मराठी माणसांशीच लढली, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना अनेकांचा हात अडखळतो. कोणी चुलत्याची बाजू घेतं, कोणी पुतण्याची. ज्ञानेश सरांनी एम.ए.च्या वर्गात मात्र वेगळंच विचारलं होतं. कोण जिंकलं ते मागाहून बघू, आधी सांगा, दोन्ही फौजांना जेवू कोणी घातलं? वर्ग हसला होता. अंजली हसली नाही. त्या प्रश्नापायी ती इतिहासात राहिली, नाशिकच्या कॉलेजात शिकवायला लागली, आणि सरांनी पुस्तकाचं काढलं तेव्हा एका पायावर तयार झाली.

लढाई सरांनी लिहायची, गावं अंजलीने, असं ठरलं होतं. सरांच्या गाडीतून दोघं गडाच्या पायथ्याला जायची. तिथल्या बौद्धवस्तीत कुसाबाईंच्या पडवीत बसून अंजलीने कितीतरी दुपारी ऐकून घेतलं. घोड्यांनी उभं पीक कसं खाल्लं, त्यांच्या सासरच्या घराण्यातले पुरुष ओझी वाहायला कसे धरून नेले, त्यातले काही परत कसे आलेच नाहीत. कुसाबाईंनी ते सासूकडून ऐकलं होतं, सासूने तिच्या सासूकडून. आधी त्या सांगायलाच तयार नव्हत्या. अंजली आपल्यातलीच, असं कळल्यावर त्यांचं तोंड उघडलं. अंजलीने ते तसंच उतरवून घेतलं नाही. जुन्या कागदांत गावांच्या तक्रारी शोधल्या, ताडून पाहिलं, आणि मग लिहिलं की लढाई लवकर उरकली, पण त्याआधी दोन्ही छावण्यांनी गावं खाऊन टाकली होती. ते वाक्य वाचून सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आता तिने आपलं प्रकरण उघडलं. दुसऱ्याच पानावर ती थांबली. ‘रयतेने दोन्ही फौजांना आपुलकीने धान्य पुरवले. भांडण घरातलेच असल्याने कोणी कोणाला परके नव्हते.’ चुकून दुसरीच फाईल छापायला गेली असावी, असं तिला वाटलं. पण पुढची वाक्यं तिचीच होती. त्यांची ठेवण तिची, उदाहरणं तिची, फक्त क्रियापदं बदललेली. ‘धरून नेले’ होतं तिथे ‘सोबत गेले’. ‘लुटले’ होतं तिथे ‘दिले’. आणि खाली लिहिलं होतं, ‘अशी आठवण कुसाबाई सांगतात.’

तिने सरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. कॉलेजला सुट्टी कळवून ती तडक त्यांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी शुभांगीकाकूंनी दार उघडलं, नेहमीसारखी विचारपूस केली आणि चहा टाकायला आत वळल्या. सर बाहेरच्या खोलीत बसले होते. तिला वाटलं होतं तसे ते गोंधळले नाहीत. गडाच्या पायथ्याशी स्मारक उभारणारं जे मंडळ पुस्तकाचा खर्च करत होतं, त्यांना लुटीची, वेठीची भाषा नको होती, असं त्यांनी सरळ सांगितलं. नाहीतर पुस्तक निघालंच नसतं, आणि आता सरांचं वय वाट बघायचं राहिलेलं नव्हतं.

“शेवटचं प्रूफ मी तपासून दिलं होतं, सर.”

“त्यानंतर बदललं. तुला विचारलं असतं तर तू अडून बसली असतीस.”

“मग माझं नाव तरी काढायचं होतं.”

“तुझं नाव आहे म्हणूनच त्या प्रकरणावर कोणी बोट ठेवणार नाही,” ते म्हणाले. “हेच मी लिहिलं असतं तर लोकांनी माझी जात काढली असती.”

इतकी वर्षं आपल्या अभ्यासासाठी त्यांनी आपल्याला जवळ केलं, असं अंजली धरून चालली होती. ती उठली. काकू चहा घेऊन येत होत्या, त्यांना तिने नुसतीच मान हलवली.

प्रकाशनाला जाऊ नकोस, असं वडील म्हणाले. ती गेली. मांडव गडाच्या पायथ्याशीच घातला होता. कुसाबाईंचा शाल देऊन सत्कार झाला आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवलं गेलं. अंजलीला बोलायला उभं केलं तेव्हा तिने भाषण केलं नाही. मोबाईलमधून आपलं मूळ प्रकरण काढून दोन पानं वाचली आणि सांगितलं, की पुस्तकात छापलंय ते माझं नाही आणि कुसाबाईंचंही नाही.

मग सर उठले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच शांत होता. अंजली आपली आवडती विद्यार्थिनी, ते म्हणाले, पण भावनेच्या भरात पुराव्याच्या पुढे धावते, आणि तिचा मसुदा दुरुस्त करणं हे गुरू म्हणून आपलं काम होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मजकूर बदलण्याला निदान मंडळाच्या पैशाचं कारण तरी होतं. हे खोटं मात्र ते तिच्या डोळ्यांदेखत बोलले, आणि पुरावे तर त्यांनी स्वतः एकेक करून पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचं वाक्य आलं, तिची दोन पानं आली नाहीत. सावळीराम शेजारून ती प्रत गुपचूप परत घेऊन आले. आपलं नाव काढा, असं तिने मंडळाला कळवलं. मंडळाने ते लगेच मानलं. पुढच्या छपाईत मुखपृष्ठावर एकटे सर राहिले. प्रकरण आहे तसंच राहिलं, कुसाबाईंच्या नावासकट.

सगळं नव्याने, आपल्या एकटीच्या नावावर लिहायचं ठरवून अंजली एसटीने पुन्हा कुसाबाईंच्या वस्तीत गेली. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, चहा दिला, नातीच्या लग्नाचं सांगितलं. मग अंजलीने जुन्या गोष्टीचा विषय काढला.

“तुमी मांडवात वाचलं ते मी ऐकलं,” कुसाबाई म्हणाल्या. “पन बाई, तुमी दोघं एकाच गाडीतून आले व्हते. कोन काय लिवनार, मला काय ठावं?”

“आता मी एकटीच लिहिणार आहे, आजी.”

“लिवा की. माझ्या तोंडचं नका घेऊ.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा निवतोय म्हणून त्यांनी कप तिच्या पुढे सरकवला.

अंजलीचा लेख वर्षभराने एका छोट्या त्रैमासिकात आला. त्यात फक्त जुने कागद होते, गावांच्या तक्रारी होत्या. कुसाबाईंची आठवण जिथे यायची, तिथे तिने एक तळटीप दिली: या जागी एका घराने जपलेली हकीकत होती. ती एका पुस्तकात खोटी करून छापली गेली. त्यानंतर सांगणाऱ्या बाईंनी ती परत घेतली आहे.