सगळे हात डावे

“बाबा, कुणी बघत नसताना तुमचे पुतळे हलतात का?”

पैज मैत्रिणींनी लावली होती. “एवढी मोठी दिग्दर्शक झालीयेस ना, मग विचारून दाखव!” शाळेच्या नाटकाची दिग्दर्शक झाल्यापासून मी कुणाचं ऐकतच नव्हते, आणि माझ्या तालमीत कशी टाचणी पडली तरी ऐकू येते, हे दिवसातून चारदा सांगत होते. तेव्हा विचारलं. ऐन जेवताना, ताठ मानेनं.

मला वाटलं होतं, बाबा खो खो हसतील. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“पुतळ्यांचं माहीत नाही,” ते म्हणाले. “माणसं मात्र हलेनाशी झालीत.”

“जेवताना असलं काही बोलू नका बाई,” आई म्हणाली, पण तिचाही घास हातातच राहिला.

आमचे बाबा कपड्यांच्या दुकानात उभे असतात ना, त्या पुतळ्यांचे डोळे रंगवायचे. चौदा वर्षं. कारखान्यात सगळे त्यांना ‘डोळेवाले’ म्हणायचे. दीड महिन्यापूर्वी मालकीणबाईंनी त्यांना कारखान्याचं प्रमुख केलं, दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं, आणि बाबा एक निळी फाईल घेऊन परत आले. अंतर ठेवा. सूचना लेखी द्या. वाद घालू देऊ नका. बाबांनी ती फाईल परीक्षेला बसल्यासारखी पाठ केली. ‘डोळेवाले’चे ‘सर’ झाले. आता साठ पुतळ्यांचा पहिला मोठा माल शुक्रवारी संध्याकाळी जायचा होता, आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: नीट गेला तर खुर्ची तुमची, नाहीतर पुन्हा ब्रश हातात.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी थेट कारखान्यात गेले. पैजेचं उत्तर स्वतःच बघायचं होतं, दुसरं काय!

भर दुपार होती, खिडक्यांतून लख्ख उजेड येत होता, आणि तरी दारातच माझे पाय थबकले. आवाज नव्हता. पूर्वी इथे शिरलं की घासण्याचा खरखराट, रेडिओ, थट्टामस्करी, काय विचारू नका. आता पांढऱ्या धुळीत पुतळ्यांच्या रांगा आणि त्यांच्यामधून पांढरे एप्रन घातलेली माणसं. “काका, साचेवाल्या मावशी कुठेत?” मी एकाला विचारलं. तो पुतळा निघाला. मान वळवली ती त्याच्या शेजारच्यानं, आणि बोट दाखवून तो परत होता तसा झाला.

मावशी मला बघितलं की “आलं गं बाई वादळ!” म्हणून ओरडायच्या. आज नुसतं म्हणाल्या, “या.”

मला? या?

त्यांच्या मागे तारेवर हात वाळत टाकले होते. कोपरापासूनचे हात, बोटं खाली. मी सहज आपला उजवा हात एकाला लावून बघितला. अंगठा जुळेना. डावा लावला. जुळला. पुढचा? डावा. त्याच्या पुढचा? मी तारेच्या टोकापर्यंत चालत गेले, माझा डावा हात एकेका गार हाताला लावत. सगळे डावे. भिंतीजवळ तीन पुतळे जोडूनही झाले होते, भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांच्या दोन्ही बाजूंना डावेच हात. एवढीशी चूक, पण मी दोन पावलं मागे सरले.

फळ्यावर बाबांचं सुंदर अक्षर होतं: ‘उरलेले साठ हात – डावे.’ डावे साठ तर आधीच झाले होते, उरलेले उजवे हवे होते!

“मावशी, हे सगळे डावे आहेत!”

“हो.”

“अहो, मग?”

“सरांनी लिहिलंय.”

“सरांनी लिहिलंय,” माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं. त्याच सुरात. मग खिडकीजवळून तिसरा, “सरांनी लिहिलंय.” कुणीतरी फिदीफिदी हसलं असतं ना, तर मी त्याच्या पाया पडले असते.

मी काचेच्या केबिनमधून बाबांना ओढून आणलं. त्यांनी तार बघितली, फळा बघितला. त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली, आणि मला वाटलं, आता ओरडणार.

“हे मी लिहिलंय,” ते म्हणाले. “चूक माझी. आता काय करू, ते सांगा.”

कुणी हललं नाही.

मला गप्प बसवत नव्हतं. मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझा खांदा दाबला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. शेकड्यांनी डोळे आमच्याकडे बघत होते, त्यातले बरेचसे बाबांनीच रंगवलेले, आणि कुठले मिटतात, कुठले नाही, ते मला कळेनासं झालं. एक क्षण मला खरंच वाटलं की इथे जिवंत फक्त आम्ही दोघंच आहोत.

मग कुणीतरी खाकरलं.

“परवाच कळलं होतं,” मावशी म्हणाल्या.

का नाही सांगितलंत, असं बाबा विचारतील, हे मी गृहीतच धरलं होतं. त्यांनी विचारलं, “सांगावंसं का नाही वाटलं?”

“पहिल्या आठवड्यात रंग चुकतोय, असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वाद नको.”

“म्हणालो होतो,” बाबा म्हणाले. त्यापुढे ‘पण’ नाही, काही नाही.

मग खिडकीजवळून कुणीतरी जरा चाचरत म्हणालं, “डोळेवाले... उजव्याचे वीस साचे माळ्यावर पडलेत. आत्ता भरले तर उद्या संध्याकाळपर्यंत चाळीस निघतील. वीस सोमवारी.”

“शिडी कुठेय?” बाबांनी बाह्या सरसावल्या. कुणीतरी रेडिओ लावला.

बाईंना फोन बाबांनी स्वतः केला, चूक कुणाची तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “सोमवारी बघू.” निघताना माझी नजर त्या तीन पुतळ्यांकडे गेली. आता त्यांची तोंडं दाराकडे होती. गडबडीत फिरवली असतील कुणीतरी. मी विचारलं नाही.

पण शुक्रवारी तालमीत मी मुद्दाम एक गंमत केली. शिट्टी वाजवली आणि म्हटलं, “सगळे डावीकडच्या दारातून आत या.” आमच्या रंगमंचाला डावीकडे दारच नाही. नुसती भिंत.

बावीसच्या बावीस जण गेले. भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे राहिले. कुणी हसलं नाही, कुणी मागे वळलं नाही. पैज लावताना खिदळणाऱ्या माझ्या मैत्रिणी त्याच रांगेत होत्या. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

संध्याकाळी बाबा घरी आले ते धुळीनं पांढरे होऊन. चाळीस पुतळे गेले होते, खुर्चीचं अजून काहीच ठरलं नव्हतं, आणि ते चक्क शीळ घालत होते.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय,” मी म्हटलं. “सोमवारी तालमीला शिट्टी घरी ठेवून जाणार. सगळ्यांना गोल बसवणार. त्या भिंतीचं खरं काय ते सांगणार आणि विचारणार, माझं कुठे कुठे चुकतंय. आणि मग कुणीतरी बोलेपर्यंत अजिबात तोंड उघडणार नाही.”

“तू?” आई म्हणाली. “तोंड?”

“हो, मी. अख्खी तालीम गेली तरी चालेल.”