माझा लाल खटका

मित्रांनो, माझ्याजवळ येण्याआधी दोन पावले मागे सरा. पिस्तूल दिसले की आधी मागे सरायचे आणि मग मोठ्यांना विचारायचे, ही सवय चांगली. सरलात? आता ऐका. मी एक जुने पिस्तूल आहे, पण गोळीचे नव्हे. माझी नळी जन्मापासूनच बुजवलेली आहे. माझ्या पाठीवर कागदी टिकली ठेवतात, घोडा तिच्यावर आपटतो, मोठा आवाज होतो, धुराचा पांढरा झुबका वर जातो आणि खाली वाकलेले धावपटू सुटतात. शर्यत सुरू करून देणे एवढेच माझे काम. आजवर मी कुणाला मारले नाही, फक्त पळवले आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. त्या वेळचे मला जे आठवते ते झोपेत पाहिल्यासारखे आठवते. सगळीकडे केशरी उजेड होता आणि मी त्यात वाहत होतो. मला मूठ नव्हती, नळी नव्हती, नाव नव्हते. मग कुणीतरी मला साच्यात ओतले आणि मी हळूहळू गार होत गेलो. कानशीने माझ्या कडा घासल्या. घोडा बसवला, स्प्रिंग बसवली, चाप बसवला आणि त्यांच्या मधोमध बोटाच्या नखाएवढा खटका बसवला. हा खटका नीट लक्षात ठेवा. मागे ओढलेल्या घोड्याला तोच धरून ठेवतो. चाप दाबला की तो बाजूला सरकतो आणि घोडा सुटतो. दाराला जसा अडसर, तसा घोड्याला खटका.

एका मोठ्या मैदानाच्या सामानखोलीत मी राहायला आलो. तिथे उंच उडीच्या गाद्या होत्या, भाले होते, चुन्याची पोती होती. मला मात्र स्वतंत्र लाकडी पेटी मिळाली. मैदान राखणारे गृहस्थ तेव्हा तरुण होते. आता सगळी मुले त्यांना मैदानआजोबा म्हणतात. ते मला उजव्या हातात धरून आभाळाकडे न्यायचे आणि म्हणायचे, "जागेवर... तयार..."

मित्रांनो, 'तयार' आणि माझा आवाज यांच्यामध्ये एक छोटीशी शांतता असते. तिच्याएवढी सुंदर गोष्ट मी पाहिली नाही. कुणी श्वास घेत नाही. धावपटूंच्या पाठी मांजरासारख्या वर उचललेल्या असतात. झेंडासुद्धा थांबल्यासारखा वाटतो. त्या शांततेत मला दर वेळी वाटायचे की मी पुन्हा त्या केशरी उजेडात वाहतो आहे. मग आवाज व्हायचा आणि स्वप्न मोडायचे.

आमच्या मैदानावर आजोबांनी एक नियम घातला होता. लहान मुलांच्या शर्यतीत जो शेवटचा येईल, त्याने पुढची शर्यत सुरू करून द्यायची. आजोबा माझा घोडा ओढून ठेवायचे, खाली वाकून त्या मुलाच्या कानात कापूस घालायचे, मला त्याच्या हातात द्यायचे, त्याच्या हातावर आपला हात धरायचे आणि दोघे मिळून चाप दाबायचे. त्यामुळे आमच्याकडे शेवटचे आलेले मूल कधी रडत घरी गेले नाही. उलट पहिले आलेलेच कधीकधी हिरमुसून म्हणायचे, "मी जरा हळू पळायला हवं होतं."

वर्षे गेली. माझ्या आवाजाने आजोबांचा उजवा कान हळूहळू बंद होत गेला. त्यांनी स्वतःच्या कानात कधी कापूस घातला नाही. "मला काय होतंय," असे ते म्हणत. आता त्यांच्या उजव्या बाजूने कुणी बोलले तर ते हसून मान हलवतात, म्हणजे काहीच कळलेले नसते. घरात त्यांची सून त्यांच्या डाव्या बाजूला बसूनच बोलते.

मीही झिजलो. माझ्या लोखंडी खटक्याचा दात गुळगुळीत झाला आणि घोडा मध्येच निसटू लागला. आजोबा मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "असा खटका आता कुठे मिळायचा? हा प्लॅस्टिकचा घाला. हलका आहे, गंजणार नाही, विसरून जा."

"टिकेल का?"

"मामा, प्लॅस्टिक म्हणजे आपण जाऊ, ते राहील."

अशा रीतीने लाल खटका माझ्या घरी आला. माझ्या लोखंडी मंडळींना तो आवडला नाही. घोडा म्हणाला, "हा काय मला धरणार? खेळण्यातून पळून आलेला दिसतोय." स्प्रिंग नुसतीच किरकिरली. लाल खटका बिचारा निमूट आपल्या जागी बसला. पेटी बंद झाली की आम्ही सगळे आपापली स्वप्ने पाहायचो. आम्हा लोखंडी लोकांच्या स्वप्नात भट्टी यायची. त्याच्या स्वप्नात मात्र लाल दाण्यांचा ढीग यायचा. ते दाणे ऊब लागून मधासारखे ओघळायचे आणि साच्यात शिरता शिरता गुणगुणायचे. एकदा मी विचारले, "तुला आग आठवत नाही?" तो म्हणाला, "नाही. मला फक्त ऊब आठवते." एकाच पिस्तुलात राहून आमचे माहेर इतके वेगळे होते.

तो कामाला मात्र वाघ निघाला. पहिल्या वर्षी त्याने एकदाही घोडा निसटू दिला नाही. पावसाळ्यात माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले, त्याच्यावर एकही नाही. आजोबा कौतुकाने म्हणायचे, "लोखंडापेक्षा हा बरा."

आणि या कौतुकातच चूक दडलेली होती. आजोबांकडे एक काळी बाटली असे. तिच्यात झोंबऱ्या वासाचे मालिशचे तेल असे. धावून धावून मुलांच्या पोटऱ्या आखडल्या की ते हेच तेल चोळत. तेच तेल ते माझ्या सांध्यांनाही लावत. "पोरांच्या पोटऱ्यांना चालतं, तर याला का नाही?" असा त्यांचा हिशेब. आम्हा लोखंडी लोकांना त्याचे काही वाटत नसे, उलट सुस्ती यायची. लाल खटका मात्र पेटीत कुजबुजायचा, "मला हे झोंबतं."

घोडा म्हणायचा, "नवा आहेस. होईल सवय."

त्याला सवय झाली नाही. त्याच्या लाल अंगावर केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या. आजोबांना जवळचे नीट दिसत नव्हते. तेल लावताना त्यांची बोटे त्या रेघांवरून मायेने फिरत होती.

आजोबांची नात म्हणजे चिमणी. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. तिच्या आईला, म्हणजे आजोबांच्या सुनेला, सतत काळजी. बुटाची नाडी, पाण्याची बाटली, जिन्याची ओली पायरी, तिची नजर सगळीकडे फिरत असायची. आजोबा तिला चिडवत, "सूनबाई, तू साप साप म्हणून भुई थोपटतेस."

ती म्हणायची, "थोपटू द्या की बाबा. भुईचं काय जातंय?"

वार्षिक शर्यतींच्या दिवशी सकाळी तिने घरातल्या मोरीजवळच्या फळीवरून ती काळी बाटली उचलली. बाटलीखाली प्लॅस्टिकची साबणदाणी होती. झाकणातून तेल झिरपून तिच्यावर पडले होते. सुनेने साबणदाणी हातात घेतली आणि ती पापडासारखी मोडली. "नवीच होती," ती पुटपुटली. तुकडे तिने टाकून दिले, पण ती गोष्ट तिच्या मनात राहून गेली. मला हे सगळे कसे ठाऊक? तेल लावायला आजोबांनी मला आदल्या रात्री घरी आणले होते आणि मी त्याच फळीवर, उघड्या पेटीत, मैदानावर जायची वाट पाहत होतो.

मैदान माणसांनी फुलले होते. चिमणी लहान मुलींच्या शर्यतीत पळाली, मध्येच आपली निसटलेली हेअरपिन उचलायला थांबली आणि शेवटची आली. पण तिचा चेहरा असा उजळला होता की जणू बक्षीसच मिळाले. "आजोबा, माझी पाळी," म्हणत ती धावतच आली.

पुढची शर्यत मोठ्या मुलींची होती. त्या रेषेवर उभ्या होत्या. आजोबांनी माझ्यावर टिकली ठेवली, घोडा मागे ओढला. घोड्याचा सगळा भार लाल खटक्याने घेतला. त्याने एक बारीक आवाज केला, तो फक्त मला ऐकू आला. आजोबा चिमणीकडे वाकले. मी तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होतो आणि तिच्या कानात अजून कापूस नव्हता.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय करू शकत होतो? मला फक्त ओरडता येते आणि तेच मला करायचे नव्हते.

कापूस घेऊन चिमणीची आई दोरीखालून वाकून आत आली. आली आणि थबकली. तिने नाकाने वास घेतला.

"बाबा, याला कसलं तेल लावता?"

"तेच की. पोटऱ्यांचं."

तिने माझ्याकडे पाहिले. लाल खटक्यावरच्या पांढऱ्या रेघा तिला उन्हात लख्ख दिसल्या. तिने चिमणीला मागे ओढले आणि तिचे दोन्ही कान आपल्या तळहातांनी झाकले.

"ते आधी जमिनीकडे धरा, बाबा. लांब."

"अगं, पोरी खोळंबल्यात. आता काय झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून सांगतेय. धरा ना."

"झालं हिचं सुरू," असे म्हणत आजोबांनी, केवळ तिची समजूत काढायला, मला बाजूला नेले आणि नळी मातीकडे केली. नीट वळवतात न वळवतात तोच लाल खटका मोडला.

घोडा सुटला. आवाज झाला. धूर आभाळाकडे न जाता माझ्या खाली मातीवर पसरला. रेषेवरच्या तीन मुली अर्धे मैदान पळून गेल्या आणि मग वळून पाहू लागल्या. कुणीतरी ओरडले, "अहो, ही खरी की खोटी?"

आजोबा हातातल्या माझ्याकडे आणि पायाशी पडलेल्या लाल तुकड्यांकडे पाहत राहिले. मग गुडघ्यावर बसले आणि नातीला अगदी हळू आवाजात विचारू लागले, "चिमणे, ऐकू येतंय का गं मी काय म्हणतो ते?"

"येतंय," चिमणी म्हणाली. मग तिने विचारले, "माझी पाळी गेली का?"

आजोबांनी सुनेकडे पाहिले. तिचे हात अजून मुलीच्या कानांशीच होते. ती म्हणाली, "पाळी कशी जाईल? पिस्तूल दमलंय, तू कुठे दमलीस?"

आजोबांनी चिमणीला स्टुलावर उभे केले. मला सुनेच्या रुमालात गुंडाळून बाजूला ठेवले. मोठ्या मुली परत रेषेवर आल्या, वाकल्या. इतका लहान आवाज ऐकायचा म्हणून सगळे मैदान गप्प झाले. त्या शांततेत मी आयुष्यात पहिल्यांदा नुसता पडून होतो, आणि तरीही तो केशरी उजेड माझ्याभोवती दाटून आला. पडलेल्या दातांच्या फटीतून शब्द आले, "जागेवर... तयार... पळा." आणि सगळ्या पळाल्या. माझ्यावाचूनही शर्यत सुटते, हे मला त्या दिवशी कळले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

नंतर एका कुलूपवाल्याने पोलादाचा तुकडा घासून मला नवा खटका करून दिला. माझी लाकडी मूठ कुजली होती, तिच्या जागी मात्र प्लॅस्टिकची बसवली, कारण हाताचा घाम लाकडाला कुजवतो, तिला काही करत नाही. आता मला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब मिळतो आणि मुठीला कोरडे फडके. घोडा ओढण्याआधी मुलांच्या कानात कापूस जातो, आणि सुनेच्या हट्टामुळे आजोबांच्याही. चिमणीची आई दर शर्यतीआधी मला उन्हात धरून पाहते. आता तिला कुणी चिडवत नाही.

पेटीत घोडा कधीकधी झोपेत बोलतो. "झोंबतं म्हणत होता तो," एवढेच म्हणतो आणि पुन्हा गप्प होतो.

मित्रांनो, लोखंड मजबूत की प्लॅस्टिक, असे मला पुष्कळ जण विचारतात. मला त्याचे एक उत्तर देता येत नाही. लोखंडाला पाणी खाते आणि प्लॅस्टिकला कधी ऊन, कधी तेल. तुमच्या घरातही किती वस्तू आहेत आणि किती माणसे आहेत. कुणी कुजबुजून सांगत असेल की मला हे सोसत नाही, तर त्याला सवय होईल म्हणू नका, जवळ जाऊन नीट बघा. माया सगळ्यांवर सारखी करा, पण तेल ज्याचे त्याला विचारून लावा.