चित्र खाली, काम वर

ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या काकांचा हिशोब सरळ होता: पहिल्या मजल्यावरच्या पाच नकाशेवाल्यांच्या रोजच्या बहात्तर पायऱ्या वाचतील, आणि आपल्याला शाबासकी मिळेल. पाइपांचे नकाशे काढायचा जुना प्रोग्राम चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या जुनाट मशीनवरच चाले. खालची मशीनं नवी, ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या, आणि जुन्याशी एकीचंही पटेना. काकांनी तीन आठवडे डोकं खाजवून ते जमवलं. प्रोग्राम चालायचा वरच. त्याची खिडकी मात्र उघडायची खाली, ज्याच्या त्याच्या पडद्यावर.

शाबासकी मिळाली. एकदा, जिन्यात. त्यानंतर वर कोणी फिरकलं नाही. पूर्वी नकाशा काढायला आलेला माणूस घरचं रडगाणंही गाऊन जाई. आता काकांना पडद्यावरच्या यादीत फक्त पाच ओळी दिसत: कोण काम करतंय, केव्हापासून. हजेरी पूर्ण, खोली रिकामी. रिकाम्या खुर्च्या त्यांनी एकावर एक रचून ठेवल्या.

एका दुपारी त्यांच्या मनात आलं, खाली जातं ते नुसतं चित्र; काम तर आपल्यापाशीच राहतं. क्षणभर खाली जाणारी वायर काढली तर कुणाचं काय बिघडतंय? कोणीतरी विचारायला तरी येईल. त्यांनी वायर उपसली, फोन वाजू दिला आणि एक खुर्ची उतरवून पुसली.

आली ती पाचांतली थोरली, धापा टाकत. बाकीचे म्हणाले होते, थांबा, होईल सुरू.

"फोन तरी उचलायचा, काका. मला वाटलं, पडलाबिडलात की काय."

"वायर सैल झालीय. बस गं जरा, तुझं काम कुठे पळत नाही."

ती बसली. पाणी प्यायली, लेकीच्या परीक्षेचं सांगितलं, नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली. काका पोट धरून हसले. वायर हातातच होती. लावली असती तर ती उठली असती. वीस मिनिटांनी ती उठलीच, तेव्हा त्यांनी वायर जोडली आणि मोठ्या ऐटीत यादी उघडली.

पाचही ओळी गेल्या होत्या. क्षणभराची ताटातूट प्रोग्राम सोसतो. फार वेळ खिडकी सापडली नाही, की आपणच मान टाकतो. काकांना हे आत्ता कळत होतं.

"सेव्ह केलं होतंस ना?"

"सकाळी आल्या आल्या." ती पडद्याकडे बघत राहिली. "जाऊ द्या. वायरीवर काय रागवायचं?" मग घरी उशीर होईल म्हणून कळवायला तिने काकांचाच फोन उचलला.

काकांनी घट्टच असलेली वायर पुन्हा घट्ट केली. त्यांच्या वाट्याला वीस मिनिटं आली. तिचे चार तास गेले, खालच्या चौघांचे मिळून अकरा. आणि बोल लागला वायरीला.