जुम्म्याची ओपीडी

दुबईपलीकडे उम्म अल कुवैनला परकारांच्या फ्लॅटमध्ये दर जुम्म्याला जेवणं आटपली की ओपीडी भरायची. हसण्यासारखं काही नाही, बिल्डिंगमधल्या बायका हाच शब्द वापरायच्या. कुणाचं बीपी, कुणाची शुगर, कुणाच्या नातवाच्या मांडीवरची पुळी, सगळं आठवडाभर राखून ठेवलं जायचं. मागच्याच गल्लीत चांगलं क्लिनिक होतं, पण तिथे कोण मरायला जातंय? आपला नोमान येतोय की शुक्रवारी! किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून डॉक्टर होऊन आलाय. घरचा डॉक्टर सोडून परक्याच्या दारात जायचं म्हणजे पोराचा अपमानच.

आणि नोमान यायचा. दुबईतल्या देऱ्याहून बस पकडून, अब्बांबरोबर नमाज पढून, अम्मीच्या हातचं सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन सोफ्यावर बसायचा आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचा. औषध मात्र कधी लिहून द्यायचा नाही. मीठ कमी करा, पाणी प्या, चालायला जा, जास्तच वाटलं तर क्लिनिकमध्ये दाखवा. बायका म्हणायच्या, बघा, किती प्रामाणिक पोरगा, उगाच गोळ्यांचा मारा नाही. आता तो गोळ्या लिहिणार कुठल्या तोंडाने, हे त्यांना कोण सांगणार? नोमान डॉक्टर नव्हता.

तो देऱ्यात फरच्या कोटांच्या दुकानात सेल्समन होता. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि आत एसी इतका फुल की गिऱ्हाइकाला कोट अंगात घालावासाच वाटला पाहिजे. रशियन बोलणारे टुरिस्ट रस्त्यावरून जाताना दिसले की तो दारात जाऊन म्हणायचा, "दोब्री द्येन, प्रहदीत्ये, पझालुस्ता!" म्हणजे नमस्कार, या, आत या. बिश्केकमध्ये पेशंटशी बोलायला म्हणून शिकलेली भाषा. मिंकचा कोट बाईच्या खांद्यावर चढवताना ती भाषा अगदी लोण्यासारखी चालायची. दुकानाचा मॅनेजर शाहबाज त्याच्यावर खूश होता. "यार, तू तो डॉक्टर से भी मीठा बोलता है," असं म्हणून पाठीवर थाप मारायचा. त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत!

नोमान तसा नापास झालेला पोरगा नव्हता. चौथ्या वर्षाला होता. त्या मे महिन्यात शहरात परदेशी विद्यार्थ्यांविरुद्ध दंगल उसळली, जमाव हॉस्टेलच्या दारावर आला, आणि नोमान रूममेटबरोबर पलंगाखाली शिरून बसला. खाली दार फुटल्याचा आवाज त्याने ऐकला. त्याच्या अंगाला कुणी हातही लावला नाही. पण आत कुठेतरी काहीतरी मोडलं ते मोडलंच. पहिल्या मिळेल त्या विमानाने तो घरी आला. सप्टेंबरात बाकीची पोरं परत गेली. नोमानलाही अब्बांनी एअरपोर्टवर सोडलं, अम्मीने डोक्यावरून कुराण फिरवून दुआ पढली, आणि काउंटरसमोर उभं राहिल्यावर त्याच्या कानात पुन्हा ते दार फुटलं. तो बॅगा घेऊन बाहेर आला, टॅक्सीत बसला आणि देऱ्यात एका बेडस्पेसमध्ये, म्हणजे चारचौघांच्या खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, जाऊन पडला. घरच्यांच्या लेखी तो बिश्केकला पोचला होता.

पुढचं सगळं एका खोट्याच्या पोटी दुसरं. हिवाळ्यात अम्मी व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा तो दुकानातला एखादा कोट अंगावर चढवून भिंतीला टेकून बसायचा. "अगं बाई, केवढी थंडी पडलीये तिकडे! माझं लेकरू गारठलं," असं म्हणून ती डोळे पुसायची. आणि इकडे भिंतीपलीकडे देऱ्याची दुपार. वर्ष संपलं तेव्हा त्याने सांगितलं की कोर्स पुरा झाला, लायसन्सचं काम चालू आहे, तोवर देऱ्यातल्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागलोय. अब्बांनी, म्हणजे बोटींच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात फायबरचा धूर खाल्लेल्या हमदुल्लांनी, त्या दिवशी पूर्ण बिल्डिंगला बिर्याणी खायला घातली. अशा वेळी कुणाची जीभ उचलते खरं बोलायला?

अम्मीचं स्वतःचं दुखणं ओपीडीत कधी यायचं नाही. सगळ्या बायका गेल्या, कप विसळून झाले, की खैरुन्निसा पदर सावरत सोफ्याच्या कडेला बसायची. "जरा जळजळतं रे इथे. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं." सुरुवातीला नोमानने पांढरं सिरप सांगितलं, तिखट बंद करायला सांगितलं. ॲसिडिटी आहे, म्हणाला. तेव्हा त्याला खरंच तसं वाटलं होतं, एवढं तरी त्याच्या पदरात टाकू या.

मग तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या.

एका शुक्रवारी त्याने तिला पलंगावर निजवून बरगड्यांच्या खाली बोटं दाबून पाहिलं. बोटांना काहीतरी टणक लागलं. तिसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई त्याला लख्ख आठवल्या. भूक मेली, वजन उतरलं, आणि हाताला गाठ लागली, तर आधी वाईटातलं वाईट धरून चाला, असं त्या टेबलावर पेन आपटत रशियनमध्ये बजावायच्या. नोमानने बोटं काढून घेतली.

"अम्मी, एकदा कॅमेऱ्याची टेस्ट करून घेऊ. मोठ्या हॉस्पिटलात."

"छे! नळी घालतात म्हणे घशात. तू आहेस ना घरात, मग मला कशाला तसले हाल?"

दाराशी मोबाईल बघत उभी असलेली झारा, त्याची शाळकरी बहीण, वैतागून म्हणाली, "मॉम, जस्ट गो टू अ प्रॉपर हॉस्पिटल ना! व्हाय आर यू सो स्टबर्न?"

"गप गं! भावापेक्षा प्रॉपर कोण आहे?"

आणि नोमानने विषय तिथेच सोडला. हट्ट धरायला हवा होता. हाताला धरून न्यायला हवं होतं. पण हॉस्पिटलात गेलं की अम्मी सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगणार, माझा मुलगा डॉक्टर आहे. मग कुठलातरी खराखुरा डॉक्टर हसून हात पुढे करणार आणि विचारणार, कुठल्या बॅचचे तुम्ही? कुठे प्रॅक्टिस? ते हात पुढे करणं डोळ्यांपुढे आलं की तो एअरपोर्टवरच्यासारखा मागे फिरायचा. पुढच्या जुम्म्याला बघू, म्हणाला. त्याच्या पुढच्याही जुम्म्याला तेच म्हणाला. त्याचा राग येतोय ना? यावाच. सगळ्यात जास्त त्याचा त्यालाच यायचा.

शेवटी व्हायचं ते ओपीडी चालू असतानाच झालं. खैरुन्निसा चहाचा ट्रे घेऊन आतून आली, दारातच थांबली, ट्रे खाली टेकवायला वाकली आणि तिथेच रक्ताची उलटी झाली. काळपट, कॉफीच्या गाळासारखी. हॉलमध्ये चार बायका बसलेल्या. चौघींनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग एकदम नोमानकडे. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

"अब्बा, गाडी काढा!" एवढंच त्याला सुचलं.

हॉस्पिटलात सगळं झटपट झालं. नळी घातली, रक्त चढवलं, स्कॅन केला. केरळच्या एक सर्जन बाई होत्या, बारीक चणीच्या, कामाला वाघ. त्यांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलं की जठरात गाठ आहे, किती पसरलीये ते पोट उघडल्यावरच नक्की कळेल, पण ऑपरेशन उद्याच्या उद्या झालं पाहिजे, पुन्हा रक्तस्राव झाला तर हातात काही राहणार नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आपकी मदर साइन नहीं कर रही हैं. बोलती हैं, मेरा बेटा डॉक्टर है, उसने ॲसिडिटी बताया है, वो बोलेगा तभी करूँगी. आप डॉक्टर हैं ना? तो समझाइए उनको."

हात पुढे केला नाही. बॅच विचारली नाही. इतके महिने ज्याला तो घाबरत होता, ते झालंच नाही. बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

नोमानने ठरवलं, आता खलास. आता लपवायचं नाही. आपल्या शब्दावर ती अडून बसलीये, तर त्या शब्दात दम नाही हे तिला कळलंच पाहिजे. मग ती बाईंचं ऐकेल. तो आत गेला. अब्बा खाली फॉर्मॅलिटी करत होते, झारा पाणी आणायला गेली होती. अम्मी उशीला टेकून पडली होती, ओठ पांढरे पडलेले, डोक्यावरची ओढणी मात्र नीट. तो तिच्या पायाशी बसला.

"अम्मी, एक सांगायचंय. मी डॉक्टर नाहीये."

तिने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"मी कोर्स पुरा केला नाही. त्या दंगलीनंतर मी परत गेलोच नाही. देऱ्यात कोटांच्या दुकानात कामाला आहे. तुला ॲसिडिटी सांगितली ते चुकलं माझं. मला काही कळत नाही, अम्मी. तू या डॉक्टरांचं ऐक. माझं ऐकू नकोस."

तो एका दमात सगळं बोलून गेला. कधीपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला असं त्याला वाटलं. क्षणभरच. खैरुन्निसाच्या डोळ्यांत राग आला नाही, धक्का आला नाही. तिने हळूच हात लांब करून त्याच्या केसांतून फिरवला.

"इतकं वाईट आहे होय रे?"

"काय?"

"आईला तोंडाने सांगवेना, म्हणून मी डॉक्टरच नाही म्हणायला लागलास. वेडा कुठला! तुझ्या अब्बांनी पण असंच केलं होतं. माझी आई गेली तेव्हा फोन आलाच नाही म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले." तिने डोळे मिटले. "कळलं मला. मग कशाला उगाच कापाकापी? मला दाभोळला न्या. बंदरावरच्या कबरस्तानात आई आहे माझी. तिथे जागा होईल."

"अम्मी, खरंच सांगतोय गं! शपथ घेऊन सांगतो."

"आता शपथ कशाला घेतोस? बस झालं. सही करणार नाही मी."

आता करायचं काय माणसाने? खरं बोलायला म्हणून तोंड उघडलं, तर तेच तिचा जीव घ्यायला निघालं. जितकं तो सांगेल तितकं तिला मरण जवळ दिसणार. नोमान तिच्या बंद पापण्यांकडे बघत बसला. मग त्याने डोळे पुसले, घरून आणलेली आपली बॅग ओढली आणि स्टेथोस्कोप काढला. तिच्या छातीला लावला, पाठीला लावला, नाडी धरली. दुकानात कोट विकताना जो गोड, ठाम आवाज काढायचा, तोच त्याने काढला.

"तुझ्या हिमतीची परीक्षा घेत होतो. हार्ट उत्तम आहे. गाठ छोटी आहे, काढली की संपलं. ऑपरेशन करायचं."

तिने डोळे उघडले. "डॉक्टर म्हणून सांगतोस, की मुलगा म्हणून?"

"डॉक्टर म्हणून."

"मग तू आत असशील ना? तू असलास तर मला भीती नाही."

"असेन ना. पण सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतात, डोक्याला टोप्या. मला ओळखायची नाहीस तू."

"आईला नाही ओळखू येणार? कायतरीच बोलतोस!" ती म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना ती वॉर्डबॉयला सांगत होती, "मेरा बेटा भी अंदर है, डॉक्टर है." दार बंद झालं. अब्बांना आणि झाराला वेटिंग रूममध्ये बसवून नोमान कँटीनकडे गेला, ऑपरेशनला मीही आत आहे असं अब्बांनाही सांगून. पण तिथे त्याला बसवेना. तो परत आला आणि अब्बांच्या शेजारी बसला.

"अरे, तू आत नाहीस?"

"नातेवाइकांना राहू देत नाहीत अब्बा. रूल आहे."

"बरोबर आहे, बरोबर आहे," हमदुल्ला म्हणाले आणि तसबीहचे मणी ओढायला लागले. सर्जन बाईंनी सांगितलं होतं, दुपार होईल, घाई करू नका, काहीतरी खाऊन घ्या. झाराने तिघांसाठी सँडविच आणली. तिची स्वतःची अजून अर्धीही संपली नव्हती, तोच दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या.

हमदुल्ला उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अल्हम्दुलिल्ला! आटपलं? एवढ्यात?"

नोमान जागचा हलला नाही. जवळजवळ चार वर्षांत डोक्यात राहिलेलं फार थोडं होतं, पण हे राहिलं होतं. असलं ऑपरेशन लवकर कधी आटपतं, ते पॅथॉलॉजीच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं होतं. पोट उघडतात, आत बघतात, काढण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि परत शिवून टाकतात.

सर्जन बाईंनी मास्क खाली ओढला. त्यांना आधी भलतंच काहीतरी आठवलं असावं. "भूल देईपर्यंत त्यांनी आमच्या एका नर्सिंग ब्रदरचा हात धरून ठेवला होता," त्या हिंदीत हळूच म्हणाल्या. "त्याला नोमान म्हणत होत्या. त्याने सोडवून घेतला नाही." मग त्यांनी नोमानकडे पाहिलं. पुढचं तुम्हीच सांगा, अशा नजरेने.

हमदुल्लांनी पोराचा दंड घट्ट धरला. हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लवकर झालं म्हणजे चांगलंच ना रे? मला मेल्याला काय कळतंय त्यातलं! तू सांग. तू डॉक्टर आहेस."