सखूच्या दोन मात्रा

माज्या ढोलकीला कुणी बेताल म्हणलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायचो. माण, नेरे, कासारसाई, कुटल्याबी जत्रंत इचारा, कुशाबाचा हात कसा व्हता. तसल्या मला डोंगरावरच्या एका मजूर बाईनं गप बसवलं. छप्पन सालची गोष्ट.

आमच्या तमाशाफडाचे मालक हैबतराव. पावसाळ्यात फड बंद असायचा, तवा ते मुळशीकडं पाव्हण्यांकडं गेले आन् भाताच्या खाचरात एका बाईचं गाणं ऐकून आले. सखू तिचं नाव. मजुरीनं भात लावायची. शब्द तिचेच, चालबी तिचीच. ना गुरू, ना साथीला कुणी. मालक म्हणले, "कुशाबा, चैतात माणच्या जत्रंत हिला उभी करू. गाणं लागलं तर हंगामभर फडात ठेवू."

तालमीला आली ती दाराशीच टेकली. मी म्हणलं, "म्हण बाई, लाजू नगं."

तिनं तोंड उघडलं. "धरणाच्या पाण्याखाली गं, माय माजी रोप लावी…"

आन् थांबली! माजी थाप पडली ती एकटीच पडली. पार हसू झालं माजं. मंग सावकाश दुसरी ओळ आली. "वरनं नाव चालली गं, माय माजी रोप लावी…" परत गप.

"अगं ए बाई, मधीच झोप लागती का काय तुला?" मी वराडलो. "दर ओळीला दोन मात्रा रिकाम्या सोडतीस!"

"तितं गाणं न्हाई, दादा."

"मंग काय हाय तितं, माजं डोस्कं?"

ती वाकली, उजवा हात भुईला लावला आन् तीन बोटांनी काहीतरी दाबल्यागत केलं. मला वाटलं, अर्धवट हाय बिचारी.

मालकांनी निकाल देऊन टाकला. "कुशाबा, तितं तू ढोलकीचा तोडा घाल. मोकळं ऱ्हायलं तर लोक उठून जातील. सखू, जमत असंल तर ऱ्हा, न्हाईतर डोंगराची वाट धर."

मालक गेल्यावर ती माज्यापाशी आली. "दादा, माजी माय ज्या खाचरात राबली ते धरणाच्या पाण्यात गेलं. तिच्यावरचं गाणं एकदा ढोलकीवर ऐकायचं हाय मला. पण तितं वाजवू नगा. मोडंल ते."

मी मान फिरवली. खोटं कशाला बोलू? माजं पोट फडावर व्हतं.

जत्रंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाम्होरं हजेरीचा तमाशा व्हता. म्होरं समदी बापय माणसं. बायका काय तमाशाला बसत न्हाईत. त्या निवदाची ताटं घेऊन देवळाच्या रांगंत, आमच्याकडं पाठ करून उभ्या. सखू उभी ऱ्हायली. पायात चाळ न्हाई, अंगावर भरजरी न्हाई. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तिनं पयली ओळ म्हणली आन् थांबली. तोडा घालायला मी हात उचलला.

तेवढ्यात मागनं बांगड्या वाजल्या.

बघतो तर काय! रांगंतल्या बायांचं ताट डाव्या हातावर, आन् उजवा हात खाली गुडघ्यापतुर जाऊन वर येत व्हता. समद्यांचा. एकदमच. त्यांची त्यांनाबी खबर न्हाई, पाठ तशीच आमच्याकडं! आरं देवा! त्या रोप लावत व्हत्या. उचललेला पंजा मी ढोलकीच्या कातड्यावर दाबून धरला.

दुसरी ओळ. परत ती गप झाली, परत बांगड्या, आता आणखी जास्ती. शिट्ट्या मारणारी पोरं माना वळवून आपापल्या आयांकडं बघाया लागली. पडद्याआडनं मालक वराडले, "वाजव की कुशाबा! मेलास का?" मी परत पंजा ढोलकीच्या पुडीवर दाबून धरला. नऊ ओळी व्हत्या. नऊ येळा दाबून धरला. उरल्या गाण्यात मातूर आयुष्यात वाजवली न्हाई अशी वाजवली.

खाली उतरलो तर मालक आगीवानी लाल. "मी सांगून हात आडवा घातलास! आजपासनं तू न्हाईस फडात. हीबी न्हाई."

सखू बोचकं उचलून निघाली. मी म्हणलं, "बाई, तुजा फड गेला."

"गेला तर जाऊ द्या. ऐकलं मी, दादा. लई झ्याक वाजवलीत."

"कुटं वाजवली? हात धरून तर बसलो व्हतो."

"तितंच," ती म्हणली आन् वाटंला लागली.

पुढल्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीला मी मुळशीला गेलो. तवर गावोगावच्या बायका सखू कवा मोकळी हाय ते इचारून मंग रोपं लावायचा दिस धरत व्हत्या. मी बांधावर ढोलकी ठेवली, धोतर खोचलं आन् खाचरात उतरलो. बाया फिदीफिदी हसल्या. सखूनं माज्या हातात रोपांची मूठ दिली. "वाका, दादा."

वाकलो. तिच्या ओळीबरुबर मीबी गुणगुणाया लागलो आन् रोप चिखलात दाबलं. पोट दुमडलं, दम आत अडकला, आन् माजा आवाज आपसूक बंद झाला. मान वर करून बघितलं, तर सखूबी वाकलेली, गप. समदं खाचर वाकलेलं, गप. मंग समद्यांनी मिळून श्वास घेतला आन् पुढची ओळ आली.