सैतानासाठी लावलेलं घड्याळ

गोझो बेट एवढंसं, की सकाळी एका टोकाला कुणी शिंकलं तर दुपारपर्यंत दुसऱ्या टोकाला औषध सांगणारे तयार. त्या बेटावर विस्तिनचा धंदा म्हणजे पाहुण्यांना आपल्या जुन्या काळ्या मर्सिडीजमध्ये बसवून दिवसभर फिरवून आणणं. एका वेळी एकच कुटुंब, घाईगर्दी नाही, आणि गप्पा भाड्यातच धरलेल्या. त्या काळी खिशात फोन नव्हते. सकाळी घर सोडलं की संध्याकाळची बोट सुटेपर्यंत विस्तिन कुणाच्या हाती लागत नसे, आणि त्याला तेच आवडायचं.

त्या दिवशी निघताना मात्र बायकोनं त्याला दारातच अडवलं.

"रोक्कुला आज तुझ्याबरोबर घेऊन जा," चेत्ता म्हणाली. "दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. आज त्याचं तिकडं जाणं मला बरं वाटत नाही."

तिकडं म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावर, शोभेची दारू भरायच्या खोलीत. त्यांच्या आइन रुम्मीन गावाच्या संताची जत्रा रविवारवर आली होती आणि गावातली पोरं कामधंद्यातून सुट्ट्या काढून दिवसरात्र बार भरत होती. घरचं खाऊन, फुकट, संताच्या नावानं. विस्तिननं स्वतःची सगळी तरुणाई त्याच खोलीत घालवली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आला होता.

"पाहुण्यांच्या गाडीत त्याला काय शोभेला बसवू?" तो म्हणाला. "मागच्या रविवारी शेजारच्या हरूबवाल्यांनी आभाळ फाडलं. आता आपण फुसक्या लवंग्या उडवायच्या का? पोराला पदराखाली झाकून ठेव, म्हणजे झालं!"

रोक्कु मागं उभ्यानंच कॉफी पीत होता. "आई, लग्न ठरलंय माझं," तो म्हणाला. "आता मरायला मोकळा कुठाय मी?"

विस्तिन मोठ्यानं हसला. चेत्ता हसली नाही. तिनं पोराच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आत निघून गेली.

धक्क्यावर त्याचे पाहुणे उभेच होते. नॉर्वेचं जोडपं. निल्स शाळामास्तरकीतून निवृत्त झालेला, त्याची बायको इंगर आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका. माणसं भली दिसत होती. विस्तिननं पहिल्यांदा त्यांना चर्चपाशी नेलं, कारण तिथला विनोद हमखास चालायचा.

"दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं," तो म्हणाला. "एक बरोबर वेळ दाखवतं, ते आमच्यासाठी. दुसरं चुकीची, ते सैतानासाठी. माणूस मरायला टेकला की सैतान आत्मा उचलायला येतो, घड्याळ बघतो, म्हणतो अजून वेळ आहे. तेवढ्यात आत्मा पसार!"

"आणि इतक्या वर्षांत त्याला ही लबाडी कळली नाही?" निल्सनं विचारलं.

"कळली असती. पण वाटाड्या करायला नको म्हणाला ना! चिक्कू आहे."

दोघं खदखदून हसली. तेवढ्यात वर आभाळात धडाधड बार फुटले आणि इंगर दचकली. "घाबरू नका," विस्तिन म्हणाला. "आमचे संत कानानं जरा अधू आहेत. त्यांना जत्रेची आठवण द्यावी लागते."

मिठागरांवर पोचले तेव्हा उन्हानं दगड पांढरे पडले होते. मीठ विकणारा लेली इंगरला पुडी बांधून देत होता आणि विस्तिनला शिव्या देत होता. हा त्यांचा रोजचा खेळ. तेवढ्यात तो आवाज आला.

जत्रेचा बार वर फुटतो आणि कानावर येतो. हा खाली फुटला आणि तळपायातून वर आला. मिठागरातल्या पाण्यावर बारीक थरथर उठली. लेलीचा हात पुडीवरच थांबला. दोघांनी एकाच वेळी मान वळवली. आतल्या टेकाडांमागून धूर उभा राहत होता, करडा आणि जाड.

"हा तुमच्या संतांसाठी?" निल्सनं हसून विचारलं.

"खाण," विस्तिन म्हणाला. "दगडाची खाण आहे तिकडं."

"हां, खाण असेल," लेली म्हणाला. जत्रेच्या आठवड्यात बेटावर एकही खाण चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या टेकाडांच्या रांगेवर दारूच्या खोल्या दोन होत्या. एक आइन रुम्मीनची, दुसरी शेजारच्या हरूब गावाची. मधे अंतर हाकेचं. मिठागरावरून बघणाऱ्याला धूर कुणाचा ते कळणं शक्य नव्हतं. विस्तिननं गाडीचं दार उघडून पाहुण्यांना आत बसवलं, चाक हातात धरलं आणि मनातल्या मनात म्हणाला, देवा, त्यांची असू दे. हरूबची असू दे. तिथंही कुणाची तरी पोरंच होती. त्यातल्या दोघांच्या बारशाला तो जेवून आला होता. तरी तो तेच म्हणत राहिला, आणि त्याला स्वतःची किळस आली तरीही थांबला नाही.

सरळ घरी जावं, असं एकदा मनात आलं. पण घरी जाऊन कळलं असतं, आणि कळायलाच तर त्याला नको होतं. पश्चिमेच्या किनाऱ्यावर पाहुण्यांचं जेवण ठरलं होतं. तिथं मारीरोज होती. तिच्या कानावर आलं नाही असं बेटावर काही घडत नसे.

मारीरोज हरूबची. जीभ कात्रीसारखी. विस्तिन तिच्या खाणावळीत पाऊल टाकी तेव्हा ती सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडायची, "आले, फुसक्या बारांचे सरदार आले! कापसाचे बोळे काढा रे कानातले, यांचा आवाज तसाही येत नाही!" मग विस्तिननं तिच्या गावच्या संताच्या नाकावरून काहीतरी बोलायचं, आणि तिनं त्याला सगळ्यात शेवटी वाढायचं.

त्या दुपारी ती ओरडली नाही. दारातच थबकली. मग पुढं येऊन तिनं त्याच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, पाहुण्यांच्या आधी त्याच्यापुढं मासा ठेवला, पाव ठेवला, न मागता वाइनचा पेला भरला.

"अगं, तुमचे बार बरे होते मागच्या रविवारी," तो म्हणाला. त्यानं मुद्दाम तिला चिडवायला जागा करून दिली. जवळजवळ भीकच मागितली. "पण या रविवारी बघ आमचे."

मारीरोजच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "हो रे," ती हळू म्हणाली. "तुमचेच चांगले असतात. नेहमीच." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खा. खाऊन घे, विस्तिन."

तिच्या गावची खोली उडाली असती तर ती केस मोकळे सोडून रस्त्यावर आक्रोश करत असती. ती इथं उभी राहून त्याला मासा वाढत होती. विस्तिनला कळलं, आणि मग सगळं शांत झालं. त्यानं पावाचा तुकडा मोडला. तो तसाच ताटात ठेवला.

"दुन बर्त येऊन गेले," मारीरोज पुढं म्हणाली, त्याच्याकडं न बघता. "तुला विचारत होते. मिठागरांकडं गेले."

दुन बर्त म्हणजे त्यांच्या गावचे पाद्री. बेटावर मरणाची बातमी पाद्रीनंच सांगायची, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तेच मरण त्याच्या उंबऱ्यावर येतं, असं मानतात. त्यातून पोर गेलं असेल तर आईबाप दोघांना शेजारी बसवून सांगायचं. एकट्या आईला नाही, एकट्या बापालाही नाही. विस्तिनचा बाप गेला तेव्हा सगळं गाव असंच त्याच्याकडं न बघता गाढवांच्या आजारपणावर बोलत राहिलं होतं. आता बेटावरचा प्रत्येक माणूस जाणत होता, आणि दुन बर्तची पांढरी मॉरिस गाडी त्याला गाठेपर्यंत प्रत्येकजण गप्प बसणार होता.

म्हणजे ती गाडी गाठेपर्यंत कुणी काही सांगितलेलं नव्हतं. विस्तिन या विचाराला एखाद्या बुडत्यासारखा चिकटला. सांगितलं नाही तोवर रोक्कु मेला नव्हता. कदाचित पोरगं उशिरा गेलं असेल. कदाचित सिगारेट ओढायला दूर भिंतीआड गेलं असेल. पाद्री काय, पोर नुसतं जखमी झालं तरी शोधत येतात.

तो ताडकन उठला. "चला," तो पाहुण्यांना म्हणाला. "आज तुम्हाला अशा जागा दाखवतो, ज्या मी कुणालाच दाखवत नाही."

आणि त्यानं दाखवल्या. दक्षिणेच्या कड्यांवर नेलं. दरीतलं जुनं धुणं धुवायचं टाकं दाखवलं. पडक्या बुरुजावर चढवलं आणि समुद्री चाच्यांची एक गोष्ट जागच्या जागी रचून सांगितली. तोंडाचा पट्टा थांबेना. बुरुजावरून उतरताना खालच्या वळणावर पांढरी मॉरिस दिसली. विस्तिननं गाडी शेतातल्या पायवाटेवर घातली. दोन्ही बाजूंनी निवडुंग काचांना ओरबाडत होते.

"ही वाट आहे का?" निल्सनं घाबरून विचारलं.

"बेटावर सगळ्याच वाटा आहेत, मास्तर!"

इंगर मघापासून मागच्या काचेतून बघत होती. आयुष्यभर तिनं दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे असलेले लोक पाहिले होते. "विस्तिन," ती मागून म्हणाली, "ती पांढरी गाडी तुम्हाला शोधते आहे. आम्हाला इथं उतरवा. आम्ही चालत जाऊ. तुम्ही घरी जा."

"बाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला, "तुमचा दिवस पूर्ण झालेला नाही. मी आजवर कुणाचा दिवस अर्धा सोडलेला नाही."



दिवस कलता कलता मॉरिस दिसेनाशी झाली. वळणं गेली, टेकाडं गेली, मागं कुणी नाही. विस्तिनच्या मनाला लगेच पालवी फुटली. वेडं असतं माणसाचं मन. पाद्री थकून परत गेला, म्हणजे बातमी तेवढी मोठी नसणार. गेला असेल दुसऱ्या कुणाच्या घरी. खोलीत पोरं काय कमी होती? शिट्टी वाजवण्याइतका त्याला धीर आला आणि त्यानं दोन सूर वाजवलेही.

धक्क्यावर बोट लागली होती. निल्सनं हात हलवत निरोप घेतला. इंगरनं निरोप घेतलाच नाही. तिनं विस्तिनचा तीन बोटांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो गाडीकडं वळला तेव्हा दोर गुंडाळणाऱ्या खलाशांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या.

आइन रुम्मीनच्या चौकात जत्रेच्या पताका अर्ध्या उतरवलेल्या होत्या. शिडी तशीच भिंतीला टेकलेली. बायका उंबऱ्यावर बसल्या होत्या, एकीच्याही हातात काम नव्हतं. त्याच्या दाराशी पांढरी मॉरिस उभी होती. तिच्या बॉनेटवर मांजर झोपलं होतं, म्हणजे गाडी कधीचीच थंड झाली होती.

स्वयंपाकघरात टेबलापाशी दुन बर्त बसले होते. म्हातारा रडून रडून सुजला होता. समोर कॉफीचे कितीतरी कप होते, काही भरलेलेच गार झालेले. पलीकडं चेत्ता ताठ बसली होती, दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकून, पाद्रीच्या तोंडावर नजर रोखून. तिनं मान वळवली नाही.

"कुठं होतास रे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "दिवस कलायला लागला तेव्हा आले हे. आधी बेटभर तुला शोधलं, मग इथं येऊन बसले. तोंड उघडायला निघाले की मी कॉफी पुढं करते. म्हटलं, तो आल्याशिवाय एक शब्द नाही. रीत ती रीत."

"चेत्ता..."

"बार झाला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. त्याचाच सदरा हातात होता." तिनं एक गार झालेला कप बाजूला सारला. "तेव्हापासून बसलेय. मला कळत होतं, तू कुठंतरी पाहुण्यांना हसवत असशील. तुला काही ठाऊक नसेल. म्हटलं, असू दे. तो तरी सुखात असू दे."

विस्तिन दारात उभा होता. मला दुपारीच कळलं होतं, हे तिला सांगायला त्यानं तोंड उघडलं. आपण दिवसभर मरणाला चकवत होतो, पण चकलं कुणी नव्हतं. या खुर्चीवर बसून तेवढा वेळ त्याच्या बायकोनं एकटीनं मरण बघितलं होतं, समोरासमोर, पापणी न हलवता. सकाळी तिनं एवढंच मागितलं होतं, पोराला गाडीत घे. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला..." तो म्हणाला.

"बस," चेत्ता म्हणाली. तिनं पायानं शेजारची खुर्ची मागं सरकवली. "आधी बस."

तो बसला. तिनं टेबलावरून त्याचा हात ओढून घेतला आणि दोन बोटांच्या जागी जी मोकळी जागा होती, तिथं आपली बोटं घातली. तिचा हात बर्फासारखा होता.

मग तिनं पाद्रीकडं पाहिलं.

"आता बोला, दुन बर्त," ती म्हणाली. "आता आम्ही दोघं आहोत."