पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं

मी एक कादंबरी बोलतेय. प्रेमाची. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या पेटीतली, एकोणतीस नंबरची.

मी पुण्यात छापले गेले आणि कुणाच्या तरी बॅगेतून, मेतकुटाच्या पुड्याशेजारी बसून इथे आले. तो वास अजून गेलेला नाही. मंडळाचा नियम असा, की पुस्तक महिनाभर घरी न्यायचं. परत आलं की मधुमतीकाकू त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडतात. पुढच्याला कोरं पुस्तक मिळावं म्हणून.

वाचकांचं मला एक कळलंय. नायक-नायिका एकत्र आले की ते पानं भराभर उलटतात. पण दोघं एकाच खोलीत असून गप्प असतात, तिथे ते रेंगाळतात. चहा गार होऊ देतात.

२००६च्या मार्चमध्ये मला मनीषाने नेलं. तिच्या घरात हे पान रोजच चालू होतं. नवरा मिलिंद सकाळच्या ट्रेनने ऑफिसला जायचा, आला की लॅपटॉप उघडायचा. मनीषा बहिणीला फोनवर म्हणाली, "भांडण नाही गं. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो."

माझ्या नायकाच्या वाक्यांखाली तिने रेघा मारल्या. वाचून झाल्यावर शेवटच्या पानात मुंबईची दोन विमान तिकिटं ठेवली. एक तिचं, एक तेरा वर्षांच्या मुलीचं, सान्वीचं. तेवीस एप्रिलची, फक्त जायची.

चार्जर शोधताना ती तिकिटं मिलिंदला सापडली. त्याचा अंगठा बराच वेळ माझ्या पानावर होता, ओलसर. मला वाटलं, आता आवाज चढेल. त्याने तिकिटं होती तशी ठेवली आणि आठवडाभर मला ट्रेनमध्ये नेलं. संध्याकाळी पुन्हा जागेवर.

माझा नायक म्हणतो, 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही.' मनीषाच्या रेघेखाली मिलिंदने लिहिलं, 'जगेन. पण तू पुण्याला गेलीस तेव्हा रोज दोन कप चहा टाकत होतो. एक ओतून द्यायचो.' नायिकेच्या डोळ्यांच्या वर्णनाखाली लिहिलं, 'तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय.' अशी अकरा उत्तरं. ती उघडेल, या आशेवर.

तिने आतलं एकही पान उघडलं नाही. रविवारी शेवटच्या पानातली तिकिटं काढून पर्समध्ये टाकली आणि मला परत द्यायला सान्वीच्या हातात दिलं. वाटेत सान्वीने माझी पानं चाळली.

शाळेच्या हॉलमध्ये पाडव्याचा कार्यक्रम होता. श्रीखंडाची रांग लागली होती. मधुमतीकाकूंनी मला उघडलं.

"बापरे, कुणी वहीच केलीय की." आणि खोडरबर चालू. काकू वाचत नाहीत, नुसत्या खोडतात. दोन कप चहा गेला. त्यापुढचं एक उत्तर गेलं.

मिलिंद खुर्च्या लावत होता. हातात खुर्ची तशीच धरून तो बघत राहिला. खोडरबर तिसऱ्या उत्तरावर टेकलं.

"काकू, नको." सान्वी मंडळात कधी बोलत नाही, तिच्या मराठीला मुलं हसतात. "ते बाबाने लिहिला आहे. आईसाठी."

कुणीतरी हसलंच. काकूंनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग हाक मारली. "मनीषा, पुस्तक वाचलंस का नीट?"

"वाचलं की, काकू."

"परत वाच."

मनीषाने उभ्यानेच वाचलं. चष्म्याच्या ओळीपाशी थांबली. मिलिंद जवळ आला होता.

"कधी पाहिलंस?" तिने विचारलं.

"डिसेंबरमध्ये. औषधाची बाटली लांब धरून वाचत होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मी बघतो हे तुला माहीत आहे."

"नव्हतं," मनीषा म्हणाली. तिने मला पेटीत ठेवलं नाही, पर्समध्ये ठेवलं. तिकिटांशेजारी.

तेवीस तारखेला अजून अकरा दिवस आहेत. तिकिटं अजून तिथेच आहेत. पण खोडलेल्या दोन जागी मिलिंदने पुन्हा लिहिलंय, जरा जोर देऊन. आणि काल मनीषाने त्याखाली एक प्रश्न लिहिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

माझा स्वतःचा शेवट मला पाठ आहे. यांचा माहीत नाही. मधुमतीकाकू, एकोणतीस नंबर एवढ्यात मागू नका.